रोशा तेल: आईला हवा असलेला वास नेमका कोणता?

अनुजा_ठाणे | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात आईचं कपाट आवरताना मागच्या कप्प्यात खोकल्याच्या औषधाची एक जुनी तपकिरी बाटली सापडली. रबरी बूच फुगून तोंडात असं रुतलेलं की सुरीने कोरून काढावं लागलं. तळाशी काकवीसारखा चिकट थर. मी कचऱ्यात टाकायला निघाले तर आई पलंगावरून ओरडली, "अगं, रोशाचं आहे ते, ठेव!" रोशा म्हणजे एक सुवासिक गवत, त्याचं हे तेल.

आईचं माहेर नवापूरकडचं. तिच्या लहानपणी दिवाळीच्या आगेमागे एक भट्टीवाला घरी तेल आणून द्यायचा, ते वर्षभर पुरायचं. आजोबांची कंबर, आजीचे गुडघे, मामाचा खांदा, सगळ्यांवर तोच इलाज. तिळाच्या तेलात कालवून चोळायचं, वरून रुईचं पान तव्यावर गरम करून बांधायचं. आई आता ७८ची आहे, गुडघे कुरकुरतात, गोळ्यांनी पित्त होतं. म्हणून तिला हौसेने ऑनलाइन मागवून दिलं. पंधरा मिलीची नाजूक बाटली, वर 'शंभर टक्के शुद्ध पामारोझा'. आईने हुंगलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाली, "हे काय, उदबत्तीचं पाणी?"

दुसरं मागवलं, वेगळ्या दुकानाचं. तेही नापास. "गुलाबाचा वास आहे हा. रोशाला असा गोडगोड वास नसतो."

तर जाणकारांनो, पामारोझा म्हणजेच रोशा ना? मग वास का जुळत नाही? खरं तेल मिळतं कुठे? आणि गुडघ्यांना त्याने खरंच काही होतं, की नुसतं मनाचं समाधान?

झोपाळू_मांजर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:५२

शीर्षक घाईत 'रोष तेल' असं वाचलं. म्हटलं, ते आमच्याकडे रोज ताटात वाढतात.

तापीकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

ताई, नवापूर म्हटल्यावर राहवलं नाही. मी शहाद्याचा. लहानपणी सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या मावशीच्या गावाबाहेर, ओढ्याकाठी, पावसाळा सरला की भट्ट्या लागायच्या. आम्ही पोरं तिथे तासन् तास बसायचो, कारण एकतर ऊब आणि दुसरं म्हणजे भट्टीवाल्या चाचांच्या गोष्टी.

बघितलेलं सांगतो. जमिनीत खड्डा खणून मोठी चूल. त्यावर लोखंडी नाहीतर तांब्याची डेग, तिच्यात थोडं पाणी आणि वरपर्यंत दाबून भरलेलं गवत. झाकण बसवलं की फटी भिजवलेल्या उडदाच्या पिठाने लिंपून टाकायच्या. मावशी म्हणायची, "वडे तळायचे सोडून चाचा भट्टीला लावतो." झाकणातून बांबूची नळी निघायची, तिच्यावर चिंधी आणि पीठ आणि काथ्याची दोरी. ती नळी दुसऱ्या भांड्यात, आणि ते भांडं ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेलं. म्हणूनच भट्टी नेहमी पाण्याकाठी. वाफ नळीतून यायची, गार व्हायची, पाण्यावर तेल तरंगायचं. चाचा ते शिंपल्याने काढायचे. शिंपल्याने! पळी होती की त्यांच्याकडे, पण शिंपलाच लागायचा.

आणि वास... संध्याकाळी गावात शिरतानाच कळायचं की भट्टी लागली. गोड नाही. गवत जाळल्यासारखा, आल्यासारखा, मागून कुठूनतरी गुलाब. तुमच्या आईचं बरोबर आहे.

वऱ्हाडी_ठेचा | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

आमच्याकडे याला तिखाडी म्हणतात. मेळघाटात बक्कळ आहे. आबाजीच्या कमरेला तिखाडीचं तेल, अन् आबाजीच्या जिभेला आमची आजी. दोन्ही जालीम.

गंधवेडी | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

आमच्या घरी 'रोशेल' म्हणत. खोबरेल, एरंडेल, करंजेल तसं रोशेल. तेलाचं नुसतं 'एल' उरतं आणि शब्दाला कसा छान तेलकटपणा येतो! आता मात्र मुलीला 'खोबरेल आण' म्हटलं तर ती 'कोकोनट ऑइल का?' विचारते.

झोपाळू_मांजर | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

मग 'हॉटेल' हे कशाचं तेल?

गंधवेडी | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:४४

बटाटेवड्याचं. तिसऱ्यांदा तापवलेलं.

बाष्पीभवन | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

माझं अर्धं आयुष्य सुगंधी तेलांच्या कारखान्यात गेलं, तेव्हा अनुजाताईंच्या मूळ प्रश्नाला हात घालतो.

पामारोझा म्हणजे रोशाच, पण अर्धाच. या गवताच्या दोन जाती आहेत: मोतिया आणि सोफिया. शास्त्रीय नाव दोन्हींचं एकच, सिंबोपोगॉन मार्टिनी. गवती चहा आणि सिट्रोनेला हे त्याचे चुलतभाऊ. मोतिया आणि सोफिया शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळत नाही. मोतिया उन्हाच्या, निचऱ्याच्या, उघड्या उतारावर सुटीसुटी वाढते. सोफियाला ओल आणि सावली चालते, ती दाट माजते. मोतियाच्या तेलात जेरॅनिऑल नावाचं द्रव्य साधारण ७५ ते ९० टक्के असतं. गुलाबाच्या तेलातही हाच घटक असतो, म्हणून तो गुलाबी वास. बाजारात पामारोझा म्हणतात ते हे. सोफियात जेरॅनिऑल बरंच कमी, वास तिखट, आल्याच्या अंगाने जाणारा. इंग्रजी व्यापाऱ्यांनी तिच्या तेलाला जिंजरग्रास असं वेगळं नावच दिलं होतं.

आता जंगलात गवत कापणारा माणूस मोतिया कोणती आणि सोफिया कोणती हे निवडत बसत नाही. विळा चालला की भारा बांधला. डेगेत दोन्ही जातात. त्यात डेग थेट विस्तवावर. पाणी कमी झालं की तळाचं गवत करपतं आणि तो करपट वास वाफेबरोबर तेलात उतरतो. तांब्याच्या भांड्यामुळे तेलाला हिरवट झाकही यायची. हल्ली बॉयलरमधून वाफ वेगळी सोडतात, गवत विस्तवाच्या जवळही जात नाही. तेल फिकट पिवळं, स्वच्छ, गोड.

म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या हिशेबाने ताईंनी मागवलेलं तेल उत्तम आणि आईंच्या आठवणीतलं तेल 'दुय्यम प्रत, करपट, मिश्र'. पण हे आईंना सांगू नका.

अनुजा_ठाणे | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

सांगितलं! ती म्हणाली, "त्याला म्हणावं, तुझ्या प्रयोगशाळेचे गुडघे दुखले की कळेल."

बाष्पीभवन | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:०६

साष्टांग.

जुनी_पाने | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

या तेलाचा प्रवास आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

१८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये रोशा तेलाच्या भट्ट्यांचं वर्णन आहे, आणि ते तापीकाठ यांच्या वर्णनाशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं, उडदाच्या पिठासकट. तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांवर लादायचं आणि कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला न्यायचं. दुसरी वाट धुळे-मनमाडवरून मुंबईची. आज कोंडाईबारीच्या घाटात ट्रकमागे अडकून आपण वैतागतो, त्या घाटातून हे सुगंधी बैल उतरत असत.

मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तेल जायचं थेट इस्तंबूलला. तिथे ते कशाला? गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला! बल्गेरिया तेव्हा तुर्की साम्राज्यात होता आणि कझानलिकचं गुलाबतेल जगप्रसिद्ध. तुर्की व्यापारी आपलं तेल डिंकाचं पाणी आणि लिंबाच्या रसाने धुऊन, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा घालवत. मग ते ऊर्ध्वपातनाआधी गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडायचं. युरोपात गंमत अशी झाली की माल तुर्कस्तानातून येतो म्हणून त्याचं नावच 'तुर्की जिरेनियम तेल' पडलं. गवत खानदेशाचं, घाम भिल्लांचा, भट्टी मुसलमान कारागिरांची, नाव तुर्कांचं आणि अत्तर फ्रान्सच्या बाईच्या कानामागे.

निमा_न्यूजर्सी | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

जुनी_पाने, शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

मी इथे घरी साबण करते. पामारोझा माझं आवडतं, कारण साबणाच्या कॉस्टिकमध्ये बाकीचे बरेच वास मरतात, हा टिकतो. वीस वर्षं वापरतेय आणि आज पहिल्यांदा कळलं की आमच्या आजीच्या फडताळातलं रोशेल आणि हे एकच. बाटलीवर फक्त 'भारत' लिहिलेलं असतं. भारत केवढा मोठा आहे हो!

निसर्गस्नेही | ४ नोव्हेंबर, रात्री ८:२५

आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं. रोहिष तृण आयुर्वेदात सांगितलेलं आहे. सांधेदुखी, कंबरदुखी, ताप, पोटदुखी, त्वचारोग, टक्कल, सगळ्यावर रामबाण. रोज सकाळी कोमट पाण्यात दोन थेंब घेतले तर गोळ्यांची गरजच पडणार नाही. ॲलोपथीवाले हे सांगणार नाहीत.

डॉ_निशिगंध | ४ नोव्हेंबर, रात्री ९:००

ॲलोपथीवाली सांगायला आली आहे.

पोटात घेऊ नका. आयुर्वेदात रोहिषाचं नाव आहे हे खरं, पण काढा वेगळा आणि ऊर्ध्वपातन केलेलं तेल वेगळं. एक किलो तेलाला दोनअडीचशे किलो ओलं गवत लागतं, म्हणजे थेंबात किती गवत एकवटलंय याचा अंदाज करा. लहान मुलं असलेल्या घरात तर अशी कुठलीच तेलं हाताशी ठेवू नका. निलगिरीचं तेल किंवा कापूर मुलाच्या पोटात गेल्यावर झटके येऊन दाखल झालेली पोरं मी स्वतः पाहिली आहेत. बाटली प्रत्येक वेळी देवघराशेजारी नाहीतर उशाशीच असते.

अनुजा, चोळायला हरकत नाही. नुसतं तेल मात्र कधीच लावू नका. चमचाभर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात दोन-तीन थेंब पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, कारण जेरॅनिऑलची ॲलर्जी काहींना असते. युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर त्याचं नाव छापावं लागतं ते याचसाठी. वयस्क माणसांची त्वचा पातळ असते, तेव्हा वरून गरम पान, वीट, शेकाची पिशवी एकदम नको. तेल आणि कडक शेक मिळून भाजल्याच्या केसेस येतात.

गुण येतो का? चोळण्याने, ऊब मिळाल्याने, कुणीतरी पायाशी दहा मिनिटं बसल्याने दुखणं खरंच कमी वाटतं. झिजलेली कूर्चा मात्र कुठल्याच तेलाने भरून येत नाही. आईंना खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून दहा आकडे धरायला सांगा, दोन्ही वेळा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

निसर्गस्नेही | ४ नोव्हेंबर, रात्री ९:२१

माझ्या काकांना १५ वर्षं काहीही झालं नाही.

फुकट_फौजदार | ४ नोव्हेंबर, रात्री ९:२३

काकांच्या टकलावर केस आले का तेवढं सांगा. बाकी विज्ञान नंतर बघू. वैयक्तिक प्रश्न आहे.

निसर्गस्नेही | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

थट्टा करणाऱ्यांना काय सांगणार. (आले नाहीत. पण गळायचे थांबले.)

फुकट_फौजदार | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५१

गळायला उरले नसतील हो.

सरपंच_शेतकरी | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मी अकोला जिल्ह्यातला. दीड एकरावर रोशा लावला आहे, चौथं वर्ष. इथे सगळे वासाबद्दल बोलताहेत, मी बांधावरून बोलतो.

लखनौच्या सीमॅप संस्थेने यात तृष्णा, तृप्ता, वैष्णवी अशा जाती काढल्या आहेत. २०१७ला केंद्राचं सुगंधी पिकांसाठीचं अरोमा मिशन सुरू झालं तेव्हा आमच्या भागात लोकांच्या कानावर हे पीक आलं. हलकी, उताराची जमीन चालते, पाणी कमी लागतं, रानडुकरं सोयाबीनची वाट लावतात तशी याची लावत नाहीत. एकदा लावलं की चारपाच वर्षं कापत राहायचं. तेल असतं ते फुलोऱ्यात आणि पानात, दांड्यात जवळजवळ काही नाही. त्यामुळे फुलोरा भरात असताना कापावं लागतं, आणि नेमका तेव्हाच मजूर सोयाबीनला गेलेला असतो.

खरी अडचण पुढची. ऊर्ध्वपातनाची टाकी जवळ नसेल तर गवत घेऊन हिंडायचं कुठे? पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याने रोपं देताना 'सगळं तेल मीच उचलतो' असं सांगितलं होतं. तेल तयार झालं आणि त्याचा फोन बंद झाला तो आजतागायत. दोन कॅन घरात. बायको म्हणाली, "आता सासूबाईंना आंघोळ घाला याने." शेवटी चार शेतकऱ्यांनी मिळून टाकी बसवली आणि साबणवाल्यांना थेट द्यायला लागलो, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पैसे सुटतात, पण यूट्यूबवर दाखवतात तसे 'एकरी लाखो' नाही. लावण्याआधी गिऱ्हाईक बघा, मग रोपं.

वऱ्हाडी_ठेचा | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:००

सरपंच, एक सांगा, गुरं खातात का हे? आमचा गुराखी म्हणतो तोंड लावत नाहीत.

सरपंच_शेतकरी | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

कोवळं असताना म्हशीने खाल्लंय माझ्या. फुलोऱ्यावर आल्यावर नाही.

जुनी_पाने | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

यावर एक किस्सा. या गवताच्या नावातला 'मार्टिनी' म्हणजे क्लॉड मार्टिन, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला फ्रेंच सेनाधिकारी, लखनौच्या ला मार्टिनियर शाळेवाला. टिपूशी लढाई चालू असताना बालाघाटच्या डोंगराळ भागात त्याच्या लक्षात आलं की गुरं हे गवत अधाशासारखी खातात आणि मग त्यांच्या दुधालोण्याला, मांसालासुद्धा त्याचा वास मारतो. त्याने बी गोळा करून लखनौला लावलं, कलकत्त्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गकडेही पाठवलं, आणि रॉक्सबर्गने गवताला त्याचं नाव दिलं. तेव्हा गुराखी आणि जनरल यांच्यात मतभेद आहेत.

वऱ्हाडी_ठेचा | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:०२

गुराखी जनरलपेक्षा जास्त वेळ गुरांसोबत असतो. माझं मत गुराख्याला.

गंधवेडी | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

गुलाबाच्या वासाचं लोणी! लगेच श्रीखंड आठवलं.

(अवांतर: गवती चहा आणि आलं घालून चहा उकळताना कुणी साखर आधी घालतं का नंतर? आमच्याकडे यावरून महाभारत होतं.)

झोपाळू_मांजर | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:३३

नको. तो धागा आधीच ४०० प्रतिसादांचा आहे.

डोंगरपाडा | ५ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मी पावरा आदिवासी आहे, धडगाव तालुक्यातला, सध्या नाशकात नोकरीला. सगळं वाचलं. चांगलं लिहिताय सगळे. एक बाजू राहिली म्हणून लिहितो.

तेल काढणाऱ्याचं वर्णन आलं, विकणाऱ्याचं आलं, हुंगणाऱ्यांचं तर भरपूर आलं. कापणाऱ्याचं नाही. माझी आजी रोशा कापायची. भादव्याच्या शेवटी गवत डोक्याएवढं होतं, उतार निसरडा असतो आणि पात्याची कड हाताला बारीक चिरे पाडते. त्या चिऱ्यांत गवताचा रस गेला की अशी आग होते की रात्री झोप लागत नाही. आजी हाताला राख चोळायची. भारा डोक्यावर घेऊन दीड तास उतरायचं आणि मोबदला मोजला जायचा भाऱ्यावर, वजनावर नाही. मग भारा किती जाड हे ठरवणार कोण? अर्थात घेणारा.

तेव्हा जंगलातल्या गवताचा लिलाव व्हायचा, ज्याने लिलाव घेतला तो मालक, आम्ही मजूर. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला, पण तोवर आमच्या बाजूच्या भट्ट्या बऱ्याच बंद पडल्या होत्या. हक्क आला तेव्हा गिऱ्हाईक गेलं होतं.

आणि एक गंमत. आमच्या घरात इतकं रोशा कापलं, पण तेलाची बाटली कधी नव्हती. आजीचे गुडघे दुखायचे तेव्हा ती गवतच पाण्यात उकळायची आणि त्या पाण्याने शेकायची.

तापीकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

भाऊ, वाचून गप्प झालो. मी भट्टीपाशी बसायचो तेव्हा भारे घेऊन उतरणाऱ्या बाया रोज दिसायच्या. एकीचंही नाव आठवत नाही, चाचांच्या सगळ्या गोष्टी आठवतात.

डोंगरपाडा | ५ नोव्हेंबर, रात्री १०:५२

अपराधी वाटून घेऊ नका. नाव मलाही चाचाचंच आठवतं, तो आम्हाला गुडदाणी द्यायचा.

सुलू_काकू | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

भेसळ कशी ओळखायची यावर कुणीच लिहिलं नाही. मी आठवडी बाजारातून एकदा 'अस्सल रोशा' घेतलं, घरी येऊन चोळलं तर चादरीला रॉकेलचा वास. यजमान म्हणाले, काडी पेटवू नकोस.

बाष्पीभवन | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:००

काकू, पुढच्या वेळी हे करून बघा. टीपकागदावर एक थेंब टाका आणि विस्तवापासून लांब, वाऱ्यावर ठेवा. सुगंधी तेल उडून जातं, फारतर पुसटशी कडा राहते. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल मिसळलं असेल तर पापडाच्या कागदासारखा पारदर्शक डाग राहतो तो जात नाही. रॉकेल मात्र या परीक्षेत सुटतं, कारण तेही बरंचसं उडतं. त्यासाठी आम्ही ७० टक्के अल्कोहोल वापरतो. एक भाग तेल, दोनतीन भाग अल्कोहोल. शुद्ध मोतियाचं तेल पूर्ण विरघळून नितळ राहतं. रॉकेल, टर्पेंटाइन, गोडंतेल असलं तर दुधाळ होतं. सोफियाचं तेलही इतक्या सहज विरघळत नाही, तेव्हा दुधाळ दिसलं की लगेच दुकानदाराची गचांडी धरू नका.

आणि ठेवायचं काचेच्या गडद बाटलीत, काठोकाठ भरून. रबरी बूच नको. अनुजाताईंच्या बाटलीतलं बूच फुगलं ते तेल प्यायल्यामुळेच. अर्धी रिकामी बाटली वर्षानुवर्षं राहिली की हवेने तेल जून होतं, घट्ट होतं, वास बदलतो. म्हणजे बघा, आई गेली कित्येक वर्षं त्या काकवीचाच वास घेत असतील. मूळचा करपटपणा अधिक १५-२० वर्षांचं जूनपण. असं तेल कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

फुकट_फौजदार | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:०८

म्हणजे रोशाचंही लोणच्यासारखंच. मुरायला पाहिजे.

डॉ_निशिगंध | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मुरलेलं रोशा त्वचेला जास्त चावतं, फौजदार. अनुजा, ती जुनी काकवी चोळायला अजिबात वापरू नका. हुंगायला ठेवा.

अनुजा_ठाणे | १६ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मंडळी, गायब झाले होते त्याबद्दल क्षमस्व. मधल्या काळात बरंच घडलं.

मामेभावाला कामाला लावलं. त्याने चौकशी करून सातपुड्याच्या बाजूला अजून चालू असलेली एक भट्टी शोधली. तिथे गवत रानातलंच, डेग थेट चुलीवर, पाण्यात बुडवलेलं भांडं. उडदाच्या पिठाऐवजी आता चिखल लावतात म्हणे. अर्धा पाव तेल आणलं, सॉसच्या बाटलीतून. दिसायला हिरवट-पिवळं. टीपकागदाची परीक्षा केली, डाग राहिला नाही. अल्कोहोलची करायचं धाडस झालं नाही, कारण घरात ७० टक्के अल्कोहोल म्हणजे सॅनिटायझर, आणि तो निघाला लव्हेंडरच्या वासाचा.

मग आईसमोर तीन वाट्या मांडल्या, काही न सांगता. ऑनलाइनचं, भट्टीचं, आणि जुन्या बाटलीतली काकवी सुईच्या टोकाएवढी. आईने पहिली वाटी न हुंगताच सरकवली, "ती उदबत्ती." दुसरी नाकाशी नेली आणि थांबली. परत हुंगली. डोळे मिटून म्हणाली, "भट्टीचं आहे. धूर जरा कमी आहे." तिसरी हुंगली आणि चक्क नाक मुरडलं, "हे कसलं? खराब झालंय."

जी बाटली फेकू दिली नव्हती तीच!

डॉक्टर, दोन थेंब तिळाच्या तेलात, आधी कोपराला लावून बघितलं, पान कोमटच केलं. पाय सरळ करण्याचा व्यायामही चालू आहे, पण आकडे मोजताना आई सातवरून थेट दहावर जाते. गुण किती आला माहीत नाही. चोळायला मी बसते तेव्हा ती नवापूरच्या गोष्टी सांगते. परवा म्हणाली, भट्टीवाला तेल घेऊन यायचा तेव्हा त्याच्याबरोबर एक बाई असायची, पाठीवर मूल बांधलेली, ती दारात बसून तळहातांना तेल लावून मागायची. आजी द्यायची थोडं. मी डोंगरपाडा यांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला होता, त्यावरून आठवलं तिला.

डोंगरपाडा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

ताई, आईंना नमस्कार सांगा. पुढच्या महिन्यात घरी जातोय, येताना थोडं गवत आणतो. उकळून शेकायचं कसं ते सांगेन.

सुलू_काकू | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

माझ्यासाठीपण एक जुडी हो. आणि बाष्पीभवन, टीपकागद हल्ली मिळतो कुठे?

बाष्पीभवन | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४२

कचोरीवाल्याकडचा कागद नको एवढंच सांगतो. गाळणकागद किंवा साधा कोरा वहीचा कागदही चालेल.

निसर्गस्नेही | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

भट्टीचं तेल अर्धा पाव आणलंय म्हणता, तर काकांसाठी थोडं मिळेल का? चोळायलाच. डोक्याला.